जुन्या टेंभ्याची ओटी

मुळशीच्या पाण्याखाली एक गाव निजलंय आणि ते उठवायचं काम पौडच्या एका पोरीने अंगावर घेतलंय, असं नव्या टेंभ्यात जो तो सांगत सुटला होता. त्या पोरीला, म्हणजे सायमाला, हे मुळीच मान्य नव्हतं. पौडच्या बाजारात तिच्या घरचं बांगड्यांचं दुकान. ती पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएच.डी. करत होती आणि तिचा विषय होता गाळ. धरणाच्या तळाशी गाळ किती आणि कुठे साचतो, हे पाण्यात न उतरता कसं ओळखायचं. त्यासाठी तिने एक छोटी होडी तयार केली होती, माणसाशिवाय आपली आपण फिरणारी. होडी खाली आवाज सोडायची, तळाला आपटून आलेला आवाज टिपायची, आणि त्या परतलेल्या आवाजावरून सायमाचा प्रोग्रॅम ठरवायचा की खाली गाळ आहे, खडक आहे की माणसाच्या हातचं बांधकाम. आता यात गाव उठवायचं कुठे आलं? पण सांगता कुणाला!

होडी दिसायला पिवळी, बसकी, पुढे जरा चोच काढल्यासारखी. नथू तिला बदक म्हणायचा आणि मग सगळेच म्हणायला लागले. हा नथू पन्नाशीचा गडी. पूर्वी नुसती भातशेती करायचा, आता काठावर पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी तंबू लावतो. बदकाची बॅटरी त्याच्याच पडवीत चार्जिंगला असायची, आणि बदक कुठे बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत अडकलं की नथूच आपली मोठी होडी वल्हवत सायमाला तिथवर नेऊन आणायचा. वर ऐकवायचा, "आपली आपण चालनारी हाय म्हनं! मंग मला कशापायी वल्हवायला लावतीया?"

सकाळी वारा सुटायच्या आधी पाणी असं थांबलेलं असायचं की डोंगर वर किती आणि खाली किती, ते कळू नये. काठाकाठाने धुकं सरकत असायचं. त्या उलट्या डोंगरांवरून बदक सावकाश जायचं, आणि उंबराखाली बसलेल्या सायमाच्या लॅपटॉपवर तळ उमटत जायचा, पट्ट्यापट्ट्याने, कुणी चटई विणावी तसा. भातखाचरांचे बांध दिसायचे. एक गाडीवाट दिसायची, कुठून तरी येऊन कुठे तरी गेलेली. एक गोल विहीर, पाण्याच्या पोटात पाण्याने भरलेली. बघता बघता सायमा हरवून जायची. तिला वाटायचं, आपण त्या गाडीवाटेने चाललोय, डोक्यावरून मासे जातायत, पायाला ओल म्हणून लागत नाही, आणि पुढच्या घराच्या उंबऱ्यात कुणी बाई दोन्ही हात पुढे करून बसलीय, बांगड्या भरायला. तिचा पणजोबा जुन्या टेंभ्यात बांगड्या घेऊन जायचा, हे तिने घरी ऐकलं होतं. गाळ मोजायला आलेल्या पोरीला दिवसाढवळ्या असली स्वप्नं! तिच्या सरांना कळलं असतं तर म्हणाले असते, झोप पुरी घेत जा.

त्याच उंबराखाली तिच्याशेजारी नथूची आई, सारजाबाई, येऊन बसायची. वाळकी, ताठ म्हातारी, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कानाने कमी ऐकायची पण नजर घारीची. तिचं त्या पाण्याशी काय नातं होतं, ते सायमाला तिच्याकडूनच कळलं.

धरण झालं तेव्हा टेंभं गाव वर सरकलं आणि त्याचं नवं टेंभं झालं. माणसं आली, गुरं आली, घरांची दारंखिडक्यासुद्धा उचकटून आणली. आली नाही ती टेंभाई. गुरवाने कौल लावून पाहिला, पण देवी काही हो म्हणेना. मग तिला तिच्या देवळातच ठेवून लोक निघून आले आणि मागून पाणी चढलं. तेव्हापासून दर चैत्री पौर्णिमेला सारजाबाईच्या घरातली वडीलधारी बाई, मग ती सवाष्ण असो नाहीतर विधवा, होडीतून जाते आणि देवळाच्या वर पाण्यात देवीची ओटी सोडते. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. जागा ठरलेली होती. काठावरचा उंबर आणि त्याच्या मागची डोंगराची खाच एका रेषेत आली, उजवीकडचा सुळका टेकाडाआड दडला, की खाली टेंभाई.

"तुझ्या त्या बदकाला एक इचार की गं," एके दिवशी सारजाबाई म्हणाली.

"काय विचारू, आजी?"

"माझी ओटी देवीला पोचती का? किती सालं झाली, सोडतीया आपली पान्यात. माझ्या आदी माझी सासू, तिच्या आदी तिची सासू. कुनाला ठाव, पोचती का मधल्यामधीच मासं खात्यात! औंदा माझ्यानं हुईल. म्होरल्या साली ह्ये गुडघं मला होडीत चढू द्यायचं न्हाईत. एकदा कळू दे मला, पोरी. मंग मी मोकळी."

"विचारते," सायमा हसत म्हणाली. "पुनवेच्या आत सांगते तुम्हाला."

काय बोलून बसली, ते तिचं तिलाही उमगलं नाही. म्हातारीने मात्र तो शब्द घट्ट धरून ठेवला. सायमा दिसली रे दिसली की पहिला प्रश्न तोच: "आलं का गं उत्तर?" चहा पुढे करताना, बदक पाण्यात सोडताना, पौडची एसटी पकडायला निघताना, एकच धोशा. आणि पौर्णिमा तर जवळ येत चाललेली.

आणि बघा, उत्तर आलं! बदक ओटीच्या जागेवरून गेलं आणि सपाट खाचरांच्या मधोमध एक उंचवटा उमटला. प्रोग्रॅमने त्याला शेंदरी रंग दिला. शेंदरी म्हणजे बांधकाम. सायमाने बदक त्यावरून आडवं फिरवलं, उभं फिरवलं, तिरकं फिरवलं. दर वेळी शेंदरीच.

"आजी, आहे! तुमचं देऊळ आहे!" ती ओरडलीच.

सारजाबाईने लॅपटॉप मांडीवर घेतला. बोट पुढे केलं, मागे घेतलं. मग तरातरा घरात जाऊन हळदकुंकू आणलं आणि थेट त्या शेंदरी ठिपक्यावर टेकवलं. सायमाचा जीव पडद्यासाठी हळहळला, पण बोलायची काय बिशाद! म्हातारीचे डोळे भरून आले होते. "पोचत हुती बग," ती नथूला म्हणाली. "तुमी समदे हसत हुता मला."

सरांनी तर फोनवरच पेपर लिहायला घेतला. गावाची खूण आणि आपलं मॉडेल एकाच जागी बोट दाखवतंय, याहून चांगला पुरावा कोणता? पहिलं चित्र याचंच टाकायचं. नथू त्यांच्याही पुढे. त्याने तंबूंजवळ पाटी रंगवून लावलीसुद्धा: 'पाण्यातील देवळावरून होडीची फेरी.'

सायमाच्याच डोक्यात कुठला किडा वळवळला कोण जाणे. शेंदरी रंग हे प्रोग्रॅमचं मत झालं, डोळ्यांनी कुठे पाहिलंय? तिने कॉलेजातून पाण्यात चालणारा कॅमेरा मागून आणला आणि नथूच्या होडीतून दोरीने खाली सोडला. नथू कुणा पाहुण्याशी फोनवर तंबूचं बोलत होता. सायमा ओढणीच्या सावलीत मोबाइलचा पडदा धरून बसली. आधी नुसता हिरवा उजेड, त्यात तरंगणारे कण, जसे उन्हाच्या कवडशात दिसतात. मग तळ वर येऊ लागला, सावकाश, झोपेतून जाग यावी तसा.

देऊळ नव्हतं. भिंत नाही, पायरी नाही, घडीव दगडाची एक कड नाही. नुसते दगड होते. काळे, तांबडे, चपटे, गोटे, एक फुटक्या पाट्याचा तुकडा. ओंजळीत मावतील एवढे, आणि एकासारखा दुसरा नाही. त्यांचा ढीगच्या ढीग, एका बाजूला लांबत गेलेला.

सायमा काठावर परतली. तिने धरणाआधीचा जुना नकाशा काढला आणि बदकाने काढलेल्या तळावर ठेवून पाहिला. विहीर विहिरीवर बसली, गाडीवाट गाडीवाटेवर. आणि देऊळ? ते पार पलीकडे, दोन ओढ्यांच्या संगमावर होतं. तिथे बदकाने सगळा तपकिरी रंग भरून ठेवला होता. दोन्ही ओढ्यांनी आणून टाकलेला गाळ. त्याखाली काय आहे, ते बदकाला कधीच दिसणार नव्हतं.

"नथूकाका, हा उंबर किती जुना आहे हो?"

"ह्यो व्हय? ह्यो माझ्या लहानपनी लावलाय. आदीचा पान्यात गेला. त्याच्या आदीचा बी गेला. काठ खचतुया ना! झाड पडलं की आमी लगेच दुसरं लावतो. खून मोडाया नको."

"त्याच जागेवर?"

"त्या जागेवर पानी आलं की! जरा मागं, जरा बाजूला. जिथं जमीन घट असंल तितं."

झालं. एवढंच होतं ते. खूण मोडू नये म्हणून प्रत्येक पिढीने झाड लावलं, जीव लावून वाढवलं, आणि दर वेळी खूण थोडी सरकली. काठावर चार पावलं सरकलेली रेष पाण्यात लांब कुठल्या कुठे जाते. चूक अशीच थोडी थोडी साठते. बदकाचीही साठायची. म्हणून सायमा रोज त्याला काठावरच्या एका पक्क्या खांबापाशी आणून पुन्हा जुळवून घ्यायची. उंबराला कोण जुळवून घेणार होतं?

ती पौडला गेली आणि आलीच नाही. दुकानात अम्मीशेजारी बसून राहिली. अम्मी गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या चढवत होती आणि सायमा नुसती बघत होती. सांगू नये का? शेंदरी ठिपका राहू द्यावा तसाच. सर खूश, नथू खूश, म्हातारी मोकळी. पाण्यात उतरून बघायला कोण जातंय? सायमाला हे इतकं सोपं वाटलं की त्या सोपेपणाचीच तिला भीती वाटली. तेवढ्यात नथूचा फोन आला. "आई इचारतीया, पोरगी आजारी हाय का? आन म्हनती, पुनवंला तिला माझ्याबरं होडीत यायला लागंल. तिनंच देऊळ दावलं."

मग मात्र तिला बसवेना.

उंबराखाली तिने सारजाबाईच्या हातात मोबाइल दिला आणि कॅमेऱ्यातलं सगळं दाखवलं. म्हातारी पडद्यावर वाकून बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "अगं, ह्ये तर आमचं दगड!"

"तुमचे?"

"आमचं, बायांचं! टेंभ्यात नवी सून आली की पयल्या पुनवंला माहेरचा दगड घिऊन जाती आन पान्यात सोडती. देवीला कळाया नको, कुनाची लेक आली ती? म्या बी टाकलाय. माझ्या सुनंनं बी." ती हसत होती. मग हसू विरलं. "पन देऊळ कुटं दिसंना ते?"

सायमाने सांगितलं. उंबराचं, नकाशाचं, संगमाचं, गाळाचं. "आजी, माझं चुकलं. न बघताच मी तुम्हाला आहे म्हटलं."

"मंजी तितं देवी न्हाईच?"

"नाही."

"मंग माझी ओटी?"

सायमाने तिच्या हातातला मोबाइल घेऊन पालथा ठेवला.

"न्हाई पोचली," म्हातारी स्वतःशीच म्हणाली. "एक बी न्हाई. माझी न्हाई, सासूची न्हाई. समद्या वाया." ती उठली, गुडघ्यांवर हात देत घराकडे गेली आणि दार लावून घेतलं. सायमाला आपल्या बदकाचा, प्रोग्रॅमचा, त्या गाळाचा इतका संताप आला की ते सगळं उचलून पाण्यात फेकून द्यावंसं वाटलं. खरं सांगून एका म्हातारीचा जन्म नासवला आपण, असंच तिला वाटत होतं.

सरांना कळवलं तर ते हिरमुसले. "मग तो फॉल्स पॉझिटिव्ह धरू. प्रोग्रॅमने दगडांच्या ढिगाला बांधकाम समजलं, असं लिहू. चित्र काढून टाक."

"पण सर, तो ढीग आपोआप नाही झालेला. माणसांनीच रचलाय."

"अगं, पण आपल्याकडे त्याला रकाना कुठे आहे?" सर म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

चैत्री पौर्णिमेला सायमा सकाळीच टेंभ्यात आली. कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी राहवेना. नथू काठावर होडी पुसत होता. "आई कुनाशीच बोलंना," तो हळूच म्हणाला. "औंदा काय ती जात न्हाई."

आणि नेमकी तेव्हाच सारजाबाई पायवाटेने खाली उतरताना दिसली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात ओटीचं ताट. सायमाकडे न बघताच ती होडीत चढून बसली. "चल गं. दाव कुटं हाय तुझा संगम."

वाऱ्याचं नाव नव्हतं. वल्ही पाण्यात शिरायची तेवढाच आवाज. धुक्यातून डोंगर अर्धे दिसत होते आणि पाण्यातले पुरते. सायमाला पुन्हा ती गाडीवाट दिसू लागली. आपण पाण्यावरून नाही, तिच्यावरूनच चाललोय, दोन्ही बाजूंना घरं आहेत, चुली पेटल्यात आणि धूर वर येता येता धुकं होतोय, असं तिला वाटत राहिलं. मोबाइल बघून तिने हात वर केला. "इथं, आजी."

संगमावरचं पाणी इतर पाण्यासारखंच होतं. सारजाबाईने त्यात वाकून पाहिलं. मग हात जोडले. "टेंभाई, तू हितं व्हय! मला ठाव नव्हतं गं बाई. निज आता."

ओटी तिने सोडली नाही.

"आये, सोड की," नथू म्हणाला.

"होडी तिकडं घे. दगडांकडं."

"आन ही देवीची ओटी? दगडाला?"

"दगड म्हनू नगंस!" म्हातारी कडाडली. "बाया हायेत त्या. देवीचं माझ्या खनावाचून काय अडलंय? तिला कौल लावला तवा ती आली न्हाई, तिची मर्जी. त्यांना कुनी इचारलं हुतं का? माहेरचा एक दगड घिऊन आल्या, तो बी पान्यात टाकला. मागनं दुसऱ्या धरनांत किती जनींचं माहेरच बुडालं. त्यांची ओटी भराया कोन आलं, सांग की! चल, वल्हव मुकाट."

नथूने मुकाट वल्हवलं. उंबर आणि खाच एका रेषेत आली, सुळका दडला. सारजाबाईने खण पाण्यावर ठेवला, तो पसरला आणि हळूहळू खाली गेला. मागून बांगड्या गेल्या, नारळ गेला. मग ती चिमटीचिमटीने तांदूळ सोडू लागली आणि दर चिमटीला एक नाव घेऊ लागली.

"ठकू. माझी सासू. लई छळलंस मला, तरी घे, बाई. भागा, हिची सासू, हिला तूच छळलंस, घे. पाटलाची थोरली सून, बाळंतपनात गेली ती. खालच्या आळीची काशी, माहेराला जाते म्हनून रोज रडायची. तिच्या जाऊचं नाव काय हुतं गं? ठाव न्हाई. तू बी घे. त्याच्या आदीच्या, तुमी कुनीच मला ठाव न्हाई, पन तुमी समद्या घ्या."

तांदूळ पाण्यात शिरताना क्षणभर चमकायचे आणि दिसेनासे व्हायचे. सायमाला खालचा तो ढीग दिसत होता, काळे, तांबडे, चपटे, गोटे, आणि त्यावर पडणारा हा पांढरा पाऊस.

"झालं," सारजाबाई म्हणाली आणि ताट खाली ठेवून मागे टेकली.

ताटात मूठभर तांदूळ उरले होते. सायमा त्यांच्याकडे बघत राहिली. "झालं कसं, आजी? एक राहिली की."

"कोन?"

"तुम्हीच. तुमचा दगड नाही का खाली?"

"गप बस," म्हातारी खेकसली. "विधवा बाई मी. नथूचा बाप गेला तवापासनं माझ्या वटीत कुनी दाना टाकला न्हाई. टाकत नसत्यात. तुला काय कळतंय!"

सायमाला कळत होतं. पौडच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात वाढलेल्या पोरीला कुणाच्या हातात काय चढवतात आणि कुणाच्या नाही, एवढं पुरतं ठाऊक होतं. तिने तांदूळ ओंजळीत घेतले आणि सरकून म्हातारीच्या पुढ्यात बसली.

"पदर पसरा, आजी."

"नथू, बग की रं, ही पोरगी काय म्हनतीया!"

नथूने वल्ही थांबवली होती. तो पाठमोरा होऊन डोंगराकडे बघत होता. "पसर की, आये," तो न वळता म्हणाला.

सारजाबाई काहीतरी पुटपुटली. रागाने असेल, कशानेही असेल. मग दोन्ही हातांनी तिने पदराची टोकं धरली आणि नव्या सुनेसारखी खाली मान घालून पदर पुढे केला. सायमाने त्यात तांदूळ घातले, आणि मांडीवरच्या त्या मूठभर दाण्यांकडे बघत म्हातारी हमसून हमसून रडू लागली.